नवा ४के टीव्ही, तरी चित्र धूसर: बेळगाव भागातून पुन्हा पुन्हा येणारी तक्रार

"नवा टीव्ही घेतलाव की ओ, खरं जुन्यापेक्षा वाईट दिसालाय."

दिवाळीनंतरचे पंधरा दिवस असे फोन रोज येतात. शहरातून येतात, येळ्ळूर-उचगावाकडून येतात, खानापूरच्या पलीकडून आणि कधी निपाणीहूनही. मी गेली अठरा वर्षं या भागात डिश बसवायचं आणि केबलच्या जोडण्या करायचं काम करतो. गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार हीच. टीव्ही पंचावन्न इंची, खोक्यावर ठळक अक्षरांत ४के, आणि दुकानात त्याच्यावर मोराचं पीस इतकं सुरेख दिसलं होतं की हात लावून बघावंसं वाटलं. घरी आणून जुना सेटटॉप बॉक्स जोडला, रात्रीची मालिका लावली, तर माणसांच्या चेहऱ्यावर मेण फासल्यासारखं दिसतंय.

सगळ्यात आधी एक सांगतो. टीव्ही परत करायला धावू नका. अशा दहा घरांतल्या नऊ घरांत टीव्हीत काहीही बिघाड नसतो. बिघाड असतो टीव्हीपर्यंत येणाऱ्या चित्रात, आणि तो बराचसा घरच्या घरी दुरुस्त होतो.

धूसर का दिसतं

टीव्हीचं चित्र ठिपक्यांचं बनतं. जुन्या साध्या प्रक्षेपणात, म्हणजे एसडी चॅनेलात, आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. गुणाकार केला तर सुमारे ४ लाख १५ हजार. एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे जवळजवळ २१ लाख. ४के टीव्हीच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाखांच्या आसपास. तुम्ही एसडी चॅनेल लावलं की टीव्हीला एका ठिपक्याचे वीस करावे लागतात. उरलेले एकोणीस तो शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरतो. म्हणून केसांच्या बटा दिसत नाहीत आणि साडीचे काठ पसरट होतात. जुन्या एकवीस इंची डब्यात हेच चित्र लहानशा काचेवर दाटीने बसायचं, म्हणून ते स्वच्छ वाटायचं. जुना टीव्ही चांगला होता असं लोक म्हणतात ते खोटं नाही. त्या प्रक्षेपणाला तोच टीव्ही योग्य होता.

दुकानातलं मोराचं पीस पेन ड्राइव्हवरून चालतं. ते ४के मध्येच टिपलेलं असतं, टीव्हीसाठीच बनवलेलं असतं. तसं चित्र केबलवरून तुमच्या घरी येत नाही. विकत घेताना हे कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लोक हप्ते काढून टीव्ही घेतात हो.

शहापुरातल्या मावशींचं घर

एक घर सविस्तर सांगतो, कारण बहुतेक सगळ्या चुका तिथे एकाच जागी भेटल्या. आणि दुरुस्त करून आलो की तक्रार परत उभी राहायची.

पहिल्या खेपेला गेलो तेव्हा टीव्ही भिंतीवर चढवलेला होता. मागे हात घातला तर बॉक्समधून पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन पिनांची वायर आलेली. नव्या टीव्हीला त्या तीन पिनांसाठी जागा नसते, म्हणून एक आखूड जोडवायर लावून ती एका बारीक भोकात खोचली होती. सगळं चित्र त्या एकट्या पिवळ्या पिनेतून येतं, आणि तिच्यातून एसडीच्या वरचं काही जाऊ शकत नाही. मागे एचडी बॉक्स असला तरी नाही. बॉक्स एचडीच होता, खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, पण टीव्ही बसवणाऱ्या पोराने जुनी वायर हाताशी होती म्हणून तीच लावली. मी एचडीएमआय वायर लावली. इथे एक सांगून ठेवतो: एचडी बॉक्ससाठी साधी एचडीएमआय वायर पुरते. '४के स्पेशल' म्हणून दोन-तीन हजारांची वायर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. जास्त क्षमतेची वायर लागते ती खऱ्या ४के बॉक्सला किंवा गेम खेळायच्या यंत्राला, आणि ४के बॉक्सला प्रीमियम हाय स्पीड अशी खूण असलेली बेताच्या किमतीची वायर चालते.

आठ दिवसांनी परत फोन. "परत तसंच झालंय बघ बाळ." गेलो. लाइट जाऊन आल्यावर बॉक्स मूळ सेटिंगवर गेला होता. बॉक्सच्या मेनूत चित्राचं आउटपुट किती ठेवायचं ते ठरवता येतं, ते ५७६ वर येऊन बसलं होतं आणि पडद्याचा आकारही ४:३ झाला होता. म्हणून माणसं आडवी फुगलेली दिसत होती. आउटपुट १०८०आय आणि आकार १६:९ केला. आपल्याकडची एचडी चॅनेलं १०८०आय मध्येच येतात, सेकंदाला ५० अर्धी अर्धी चित्रं. ती जुळवायचं काम टीव्ही बॉक्सपेक्षा चांगलं करतो, म्हणून बॉक्सला ती तशीच पुढे पाठवू द्यावीत. पावसाळ्यात इथे लाइट किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. बॉक्स आणि टीव्हीला मिळून एक छोटा यूपीएस लावला तर हा त्रास निम्म्याने कमी होतो.

तिसरा फोन आला तेव्हा मी चक्रावलो. वायर ठीक, सेटिंग ठीक, पॅकमध्ये एचडी चॅनेलही चालू. मग मावशींच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि त्या टीव्ही कसा लावतात ते बघितलं. त्यांनी चष्मा न लावता, रिमोटकडे न बघता, अंगठ्याने तीन आकडे दाबले. पहिल्या आकड्याचं बटण इतकं झिजलेलं की त्यावरचा अंक गेलेला. ते तीन आकडे एसडी चॅनेलचे होते. एचडीचा क्रमांक वेगळा असतो, आणि गेली कितीतरी वर्षं बोटांत बसलेला क्रमांक एका दिवसात कसा बदलणार? दुरुस्ती अशी केली: बॉक्सच्या मेनूत त्यांच्या चार मालिकांची एचडी चॅनेलं आवडत्या यादीत टाकली, जुनी एसडी लपवून टाकली, आणि रिमोटच्या मागे पांढऱ्या चिकटपट्टीवर काळ्या शाईने नवे आकडे मोठे लिहून दिले. लपवलेलं एसडी चॅनेल दाबलं तर काहीच लागत नाही, मग माणूस पट्टी बघतो. त्यानंतर तिथून फोन आला नाही.

तुमच्या घरी तक्रार दुरुस्तीनंतर परत येत असेल तर या तीन गोष्टी याच क्रमाने बघा. वायर एकदा बघितली की झालं. बॉक्सचं सेटिंग लाइट गेल्यानंतर प्रत्येक वेळी बघायचं. आणि घरातलं वडीलधारं माणूस कोणता आकडा दाबतं ते शांतपणे शेजारी बसून बघायचं.

मराठी एचडी चॅनेल मुद्दाम मागून घ्या

हा आपल्या सीमाभागातला खास मुद्दा आहे. इथल्या पत्त्यावर नवी जोडणी घेतली की विक्रेता बहुतेक वेळा कन्नड आणि हिंदी असं पॅक लावून देतो. त्यात काही चूक नाही, आपल्या घराघरांत कन्नड मालिकाही तितक्याच आवडीने बघतात. पण त्या पॅकात कन्नड चॅनेल एचडीत आणि मराठी चॅनेल एसडीत, असं मी पुष्कळ घरांत बघितलंय. मग आजी म्हणते, "कन्नड कार्यक्रम कसा स्वच्छ दिसालाय बघ, आणि आपलाच का असला?" उत्तर एवढंच की तुमच्या पॅकात कन्नड चॅनेलाची एचडी प्रत आहे आणि मराठीची एसडी.

२०१९ च्या सुरुवातीला ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दररचना लागू झाली, तेव्हापासून प्रत्येक चॅनेल सुटं मागता येतं. एचडी आणि एसडी यांची किंमत वेगवेगळी असते. त्या रचनेच्या हिशोबात एक एचडी चॅनेल दोन एसडीच्या बरोबरीचं धरलं गेलं, म्हणून विक्रेते सरसकट एचडी देत नाहीत. तुम्ही फोन करून किंवा अॅपवरून ज्या मालिका खरोखर बघता तेवढीच मराठी चॅनेलं एचडीत घ्या आणि त्यांचीच एसडी प्रत काढून टाका. दोन्ही प्रतींचे पैसे भरणारी घरं मी मोजली तर हाताची बोटं पुरणार नाहीत. पॅक बदललं, जुनं संपून नवं लागलं, की सुटी घेतलेली चॅनेलं कधी कधी गळतात. महिन्याभराने चित्र अचानक बिघडलं तर हे आधी तपासा.

मग ४के प्रक्षेपण आहे कुठं?

हा प्रश्न मला तरुण पोरं विचारतात, आणि तो रास्त आहे. टीव्ही घरोघरी ४के झाले, पण प्रक्षेपण अजून तिथे पोचलेलं नाही. मराठी चॅनेलांची मजल एचडीपर्यंत आहे. आपल्या देशात सुरुवात लवकर झाली होती: २०१५ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या क्रिकेट विश्वचषकाच्या सुमारास टाटा स्काय आणि व्हिडिओकॉन डी२एच या दोघांनी ४केचे बॉक्स आणले. तेव्हा मलाही वाटलं होतं की चार-पाच वर्षांत सगळं बदलेल. बदललं नाही.

कारण आकाशातल्या जागेचं आहे. उपग्रहावरच्या ३६ मेगाहर्ट्झच्या एका ट्रान्सपॉन्डरमधून, म्हणजे सिग्नल झेलून परत खाली पाठवणाऱ्या यंत्रातून, साधारण ५० मेगाबिटच्या आसपास माहिती सेकंदाला येते. त्यात एसडी चॅनेलं पंचवीसभर बसतात, एचडी सात-आठ, आणि ४के, नव्या एचईव्हीसी पद्धतीने दाबून बसवलं तरी, दोन किंवा फार तर तीन. ट्रान्सपॉन्डरचं भाडं तेवढंच. एका ४के चॅनेलच्या जागी दहा-बारा एसडी चॅनेलं दाखवता येत असतील तर कंपनी काय निवडेल ते उघड आहे. त्यात रोजच्या मालिकेचं काम कसं चालतं तेही लक्षात घ्या. आज चित्रण, उद्या संकलन, परवा प्रक्षेपण. ४केत माहिती एचडीच्या चौपट. साठवण चौपट आणि संकलनाला लागणारा वेळही वाढतो. जाहिरातदार मात्र ४केत दाखवतो म्हणून जास्त दर देत नाही. आणि सगळं करून दाखवलं, तरी ते बघायला तुमच्याकडे ४केचाच बॉक्स लागतो, एचडीचा चालत नाही.

दुसऱ्या देशांतही हे सोपं गेलेलं नाही. दक्षिण कोरियाने ३१ मे २०१७ ला जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून ४के सुरू केलं. जपानने १ डिसेंबर २०१८ ला उपग्रहावरून ४के आणि ८के दोन्ही सुरू केलं, त्यात ८केचं एकच चॅनेल, तेही एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं.  आपल्याकडे २०२२ चा फुटबॉल विश्वचषक आणि २०२३ ची आयपीएल जिओसिनेमाने ४केत फुकट दाखवली, तीही इंटरनेटवरूनच. ४के आपल्या घरी आलंच तर ते डिशवरून येण्याऐवजी फायबरच्या दोऱ्यातून येईल, असं माझं मत आहे. म्हणून ४के चॅनेल येईल या आशेवर महागडा डिश बॉक्स घेऊ नका असं मी सांगतो.

बारा फुटांवरून बघताय का?

आपल्या जुन्या घरांची मधली खोली लांबट असते. टीव्ही एका टोकाला, झोपाळा किंवा दिवाण दुसऱ्या टोकाला. मी टेप लावून मोजतो तेव्हा अंतर दहा-बारा फूट भरतं. निरोगी डोळ्याला बारा फुटांवरून साधारण एक मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका वेगळा ओळखता येत नाही. पंचावन्न इंची टीव्हीवर एसडीचा एक ठिपका सुमारे १.७ मिलिमीटर रुंद असतो, एचडीचा ०.६३, आणि ४केचा ०.३२. हे आकडे शेजारी ठेवून बघा. बारा फुटांवरून एसडीची खडबड डोळ्यांना बोचणार, एचडी अगदी सफाईदार दिसणार, आणि एचडी व ४के यांतला फरक तुम्हाला कळणारच नाही. तो कळायला सात फुटांच्या आत बसावं लागेल.

मला वाटतं ४के प्रक्षेपण रखडण्यामागे हेही एक खरं कारण आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. एसडीतून एचडीत गेल्यावर म्हातारी माणसंसुद्धा "आता दिसलं" म्हणतात. एचडीतून ४केत गेल्यावर घरातलं कुणीच तसं म्हणत नाही. म्हणून बजेट थोडं असेल तर ते मराठी एचडी चॅनेलांवर खर्च करा, तिथे रुपयाचं चित्र रुपयाएवढं मिळतं.

टीव्हीच्या आतलं सेटिंग

दुकानातून टीव्ही 'व्हिविड' मोडवर येतो. तो 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' करा. शार्पनेस पन्नासवर असेल तर दहापर्यंत खाली आणा, एसडी बघत असाल तर शून्यावर. वाढवलेल्या शार्पनेसने माणसाच्या कडेला पांढरी रेघ उमटते, ती कुणाला आवडत नाही पण सवयीने कुणी काढतही नाही. चेहरे मेणाचे दिसत असतील तर नॉइज रिडक्शन कमी करा. मालिका नाटकासारखी घरंगळत चालल्यासारखी वाटत असेल तर मोशन स्मूदिंग बंद करा. बस, एवढंच.

इंटरनेटवरचं ४के अडकत असेल

आधी खरंच ४के येतंय का ते बघा. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना सेटिंगमध्ये 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू केलं की पडद्यावर आकडे येतात. तिथे ३८४०×२१६० दिसलं तर ४के, १९२०×१०८० दिसलं तर एचडी. ओटीटीच्या स्वस्त योजनेत ४के मिळतच नाही, तेही तपासा. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ मेगाबिटचा वेग सांगतं, आणि तासाला सातेक जीबी डेटा खर्च होतो, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा नाद करू नका.

आमच्याकडे खरी अडचण भिंतींची. जुन्या घरांत चिऱ्याच्या दीड-दोन फुटी भिंती. पडवीत लावलेल्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय मधल्या खोलीत पोचेपर्यंत दम सोडतं. २.४ पोचतं, पण शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांच्या गर्दीत. यावर पक्का उपाय एकच, राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढणं. टीव्हीचं लॅनचं भोक बऱ्याचदा १०० मेगाबिटचंच असतं, तरी ४केला ते भरपूर. अनगोळला एका घरी नव्वद फूट वायर छताच्या वाशांवरून नेली, त्या दिवसापासून अडकणं थांबलं.

पावसात चित्र तुटत असेल

जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जून ते सप्टेंबर हे होणारच. डिशच्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतात, मोठ्या थेंबांच्या पावसात त्या शोषल्या जातात आणि विखुरतात. एचडी ज्या पद्धतीने पाठवतात तिला सिग्नल जास्त स्वच्छ लागतो, म्हणून एसडी चालू असताना एचडी आधी जातं. पण कोरड्या दिवशी सिग्नल काठावर असेल तरच रिमझिम पावसातही चित्र तुटतं. उन्हाळ्यात, मे महिन्यातच, डिश नीट लावून घ्या. आपल्याकडून सगळे उपग्रह आग्नेयेकडे दिसतात, त्या बाजूला फणसाची किंवा आंब्याची फांदी वाढली आहे का बघा. एलएनबीजवळच्या, म्हणजे डिशच्या दांड्यावरच्या डबीजवळच्या, कनेक्टरमध्ये पाणी शिरून तांबं हिरवं पडलं असेल तर कनेक्टर कापून नवा लावा आणि वर टेप गुंडाळा. वायर घरात घेण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून ठिबकतं, भिंतीत शिरत नाही.

फ्री डिशवाल्या घरांसाठी

दूरदर्शनच्या फ्री डिशवर मराठी सह्याद्री आणि कन्नड चंदना दोन्ही मिळतात, महिन्याचा खर्च शून्य. पण बहुतेक चॅनेलं एसडी. मोठ्या ४के टीव्हीवर ती कधीच दुकानातल्यासारखी दिसणार नाहीत, आणि मी तसं खोटं सांगणार नाही. खानापूरजवळच्या एका घरी मुलाने पगारातून आईबाबांना पासष्ट इंची टीव्ही पाठवला होता. आईने मला विचारलं, "काय तरी करता येतंय काय बघा की." शार्पनेस शून्यावर आणला, चित्राचा आकार बॉक्सवर जसा येतो तसा ठेवला, आणि दिवाण भिंतीला टेकवून अंतर तीन फुटांनी वाढवलं. शेजारच्या गावात फायबर आलंय, ते त्यांच्या वाडीपर्यंत येईल तेव्हा मुलाच्या ओटीटी खात्यावरून आठवड्याची मालिका एचडीत बघायची, असं ठरलं. खांबावरची वायर कुठपर्यंत आली ते आई रोज चालत जाऊन बघून येतात.